अमेरिकेच्या पडद्यावरचा इतिहास आणि त्यामागची वर्गणी

पीबीएस (पब्लिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस) म्हणजे अमेरिकेचं दूरदर्शन, असं आपल्याकडे पटकन सांगून टाकतात. ओळख करून द्यायला ते सोयीचं आहे, पण तीच समजूत धरून बसलं की पीबीएसवर जे दिसतं त्याचा उलगडा होत नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धावरची अकरा तासांची मालिका पाच रात्री ओळीने कशी काय लागते? टेक्सासमधल्या एका स्थानिक केंद्राचा गाण्यांचा कार्यक्रम पन्नास वर्षं देशभर कसा चालतो? आणि मैफल ऐन रंगात आली असताना ती थांबवून दोन निवेदक पैसे मागायला का येतात? तिन्ही प्रश्नांचं उत्तर शोधायला पैशाच्या वाटेने जावं लागतं: तो कुठून येतो आणि कुणाकुणाच्या हातातून जातो.

दूरदर्शन वरून खाली आलं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं ते दिल्लीच्या निर्णयाने आणि सरकारच्या पैशाने. अमेरिकेत उलटं झालं. तिथे आधी गावोगावची केंद्रं आली, आणि त्यांना एकत्र बांधणारी संस्था कितीतरी नंतर.

१९५२ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने २४२ वाहिन्यांच्या जागा शिक्षणासाठी राखून ठेवल्या. आयोगावरच्या पहिल्या महिला सदस्य फ्रीडा हेनॉक यांनी त्यासाठी अक्षरशः पिच्छा पुरवला होता. नाहीतर त्या जागाही जाहिरातवाल्यांच्या घशात गेल्या असत्या. पुढच्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये विद्यापीठाच्या आवारातून केयूएचटी हे पहिलं बिनजाहिरातीचं केंद्र सुरू झालं. मग कुठे विद्यापीठ, कुठे शाळा मंडळ, कुठे गावातल्या चार प्रतिष्ठितांची संस्था अशी केंद्रं उभी राहत गेली. एकाने केलेला कार्यक्रम दुसऱ्याला दाखवायचा तर चित्रफीत टपालाने पाठवायची, असा सगळा कारभार होता.

१९६७ मध्ये सार्वजनिक दूरचित्रवाणीचा विचार करणाऱ्या कार्नेगी आयोगाचा अहवाल आला आणि या विस्कळीत कारभाराला आकार मिळाला. त्या अहवालातली एक शिफारस आज वाचताना हळहळ वाटते. नव्या दूरचित्रवाणी संचांवर छोटा कर बसवावा आणि ते पैसे थेट सार्वजनिक वाहिन्यांच्या निधीत जावेत, म्हणजे दरवर्षी कुणापुढे पदर पसरायला नको, असं आयोगाचं म्हणणं होतं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, बाकीचं बरंच काही घेतलं, हे तेवढं सोडलं. ७ नोव्हेंबर १९६७ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली, पण पैशाची कायमची सोय झालीच नाही. पुढच्या साठ वर्षांतली जवळजवळ सगळी भांडणं या एका वगळलेल्या शिफारशीतून निघाली, असं माझं मत आहे.

आता रचना. कायद्याने एक महामंडळ तयार झालं, त्याचं नाव सीपीबी (कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग). सरकारी पैसा घ्यायचा आणि केंद्रांना व कार्यक्रम करणाऱ्यांना वाटायचा, एवढंच त्याचं काम होतं. त्याने कार्यक्रम करायचे नाहीत, केंद्रं चालवायची नाहीत. सरकार आणि पडदा यांच्यामध्ये एक भिंत असावी, हा हेतू. पीबीएस ही वेगळी संस्था. १९६९ मध्ये स्थापन झाली आणि १९७० पासून तिचं प्रसारण सुरू झालं. ती केंद्रांची मिळून आहे. देशभरातली तीनशेहून अधिक सदस्य केंद्रं तिला वर्गणी देतात आणि बदल्यात सामाईक कार्यक्रम मिळवतात. पीबीएस स्वतः जवळपास काहीच निर्माण करत नाही. बोस्टनचं जीबीएच, न्यूयॉर्कचं डब्ल्यूनेट, वॉशिंग्टनचं डब्ल्यूईटीए अशी मोठी केंद्रं आणि बाहेरचे स्वतंत्र निर्माते कार्यक्रम करतात. कुठला कार्यक्रम कधी लावायचा, लावायचा की नाही, हेही बऱ्याच अंशी गावचं केंद्र ठरवतं.

या स्वातंत्र्याची काळी बाजू लवकरच दिसली. १९७० मध्ये मिसिसिपीच्या राज्य आयोगाने मुलांसाठीची ‘सेसमी स्ट्रीट’ दाखवायला नकार दिला, कारण त्यात काळी-गोरी मुलं एकत्र खेळत होती. देशभर बभ्रा झाला आणि काही आठवड्यांत आयोगाला माघार घ्यावी लागली.

२०२५ पर्यंत पैशाचे रस्ते मुख्यतः चार होते. सरकारकडून येणारा, सीपीबीमार्फत. २०२५ साली तो सुमारे ५३.५ कोटी डॉलर होता. पीबीएसच्या स्वतःच्या उत्पन्नात सरकारी पैशाचा वाटा साधारण १५ टक्के होता, पण ही सरासरी फसवी आहे. न्यूयॉर्क, बोस्टनच्या केंद्रांना तो गेला तरी श्वास घेता येतो. अलास्कातल्या एखाद्या वाडीवजा गावातल्या केंद्राचं निम्म्याहून जास्त अंदाजपत्रक त्यावर उभं असायचं. दुसरा रस्ता खासगी फाउंडेशनांचा. तिसरा कंपन्यांचा. त्यांना जाहिरात करता येत नाही; नाव घेता येतं, धंदा काय ते सांगता येतं, पण ‘आजच खरेदी करा’ म्हणता येत नाही, किंमत सांगता येत नाही, आमचा माल दुसऱ्यापेक्षा सरस असंही नाही. तेल कंपन्यांनी या सोयीचा सत्तरच्या दशकात इतका फायदा घेतला की टीकाकार पीबीएसमधल्या ‘पी’चा अर्थ पेट्रोलियम लावू लागले. गंमत म्हणजे त्यातल्या मोबिल कंपनीचा पैसा ज्या प्रतिष्ठित नाटकमालिकांवर जात होता, त्या बहुतेक ब्रिटिश होत्या. अमेरिकेची सार्वजनिक वाहिनी, तेल अमेरिकी, आणि पडद्यावर इंग्लंडातल्या हवेल्या.

चौथा रस्ता प्रेक्षकांचा. कार्यक्रमाच्या सुरुवातीला श्रेयनामावलीत ‘आणि तुमच्यासारखे प्रेक्षक’ असं म्हणतात ते उगाच नाही. वर्षातून काही वेळा केंद्रं वर्गणीची मोहीम काढतात. गणेशोत्सवात मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहतात, तसंच हे. फक्त दार म्हणजे पडदा. फुल ना फुलाची पाकळी द्या, बदल्यात कापडी पिशवी, सीडी किंवा पुस्तक घ्या.

आता मोहिमेच्या वेळी काय दाखवायचं? ज्याने लोक फोन उचलतील ते. फोन उचलून पैसे देणारे बहुतेक पन्नाशी-साठी ओलांडलेले. म्हणून तेव्हा हमखास त्यांच्या तरुणपणीची गाणी लागतात: पन्नाशीच्या दशकातले गल्लीच्या कोपऱ्यावर गाणाऱ्या पोरांचे डू-वॉप गट, साठीतले लोकगायक, जुने गायक पुन्हा मंचावर, समोर पाणावल्या डोळ्यांचे प्रेक्षक. लॉरेन्स वेल्क या वाद्यवृंदवाल्याचा कार्यक्रम मूळचा व्यावसायिक वाहिनीवरचा, १९८२ मध्ये बंद झालेला. १९८७ पासून ओक्लाहोमाच्या सार्वजनिक केंद्राने त्याचे जुने भाग पुन्हा बाहेर काढले आणि ते पुढे कितीतरी केंद्रांवर दर शनिवारी लागत राहिले. समीक्षक नाकं मुरडतात. मला त्यात वाईट वाटत नाही, पण हे मान्य करायला हवं की कुठली गाणी ‘अमेरिकी वारसा’ ठरतात यात वर्गणीदाराच्या वयाचा हात मोठा आहे.

त्याच मोहिमेतून एक फार चांगली गोष्टही निघाली. ऑस्टिन, टेक्सास. सत्तरच्या सुरुवातीला नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या राजधानीतल्या गुळगुळीत ध्वनिमुद्रणाला कंटाळलेले काही गायक तिथे जमले होते. लांब केसांचे हिप्पी आणि टोपीवाले काउबॉय एकाच बारमध्ये एकच गाणं ऐकत होते, हे त्या काळात नवल होतं. विद्यापीठाच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर सार्वजनिक केंद्राचा ६-ए हा स्टुडिओ होता. बिल आरहॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ ऑक्टोबर १९७४ ला तिथे कंट्री गायक विली नेल्सन यांची मैफल चित्रित केली. १९७५ च्या वर्गणी मोहिमेत ती इतर केंद्रांवर दाखवली गेली, पैसे बरे जमले, आणि त्या जोरावर १९७६ पासून ‘ऑस्टिन सिटी लिमिट्स’ ही मालिका सुरू झाली. अमेरिकी दूरचित्रवाणीवर सर्वांत जास्त काळ चाललेली संगीतमालिका हीच.

तिची पद्धत साधी होती. स्टुडिओत काही शे माणसं, मंचाजवळ बसलेली. मधे सूत्रसंचालकाची बडबड नाही. कॅमेरा गायकाच्या बोटांवर, वादकाच्या चेहऱ्यावर थांबतो. गाणं पूर्ण होऊ देतो. व्यावसायिक वाहिनीवर तीन मिनिटांनी जाहिरात यायची असते, त्यामुळे तिथे हे शक्यच नव्हतं. पुढे मंचामागे ऑस्टिन शहराच्या रात्रीच्या दिव्यांचा देखावा लावला, तो इतका हुबेहूब होता की मैफल उघड्यावर चालते अशी अनेकांची समजूत झाली. २०११ मध्ये कार्यक्रम शहरातल्या सुमारे २,७०० माणसांच्या नाट्यगृहात गेला. आवाज सुधारला असेल. सहाव्या मजल्यावरची ती जवळीक मात्र जुन्या भागांतच बघायला मिळते.

ऑस्टिन एकटं नाही. टेनेसीतल्या कुकव्हिल या छोट्या गावच्या केंद्राने ‘ब्लूग्रास अंडरग्राउंड’ हा लोकसंगीताचा कार्यक्रम देशभर पोचवला. तो सुरुवातीला चित्रित व्हायचा जमिनीखाली शंभरेक मीटरवरच्या गुहेत. बँजो, फिडल आणि डोक्यावर चुनखडीचं छत. न्यूयॉर्कच्या कार्यालयात बसून हे कुणाला सुचलं असतं असं वाटत नाही. सगळा कारभार एका राजधानीतून चालत नसल्याचा खरा लाभ हा: प्रांतोप्रांतीचं संगीत तिथल्याच माणसांनी निवडलेलं.

राजधानीतला सोहळाही आहेच. दर ४ जुलैला काँग्रेसच्या इमारतीसमोरच्या हिरवळीवरून ‘अ कॅपिटल फोर्थ’ थेट दाखवतात. राष्ट्रीय सिंफनी वाद्यवृंद, गायक, शेवटी आतषबाजी आणि खऱ्या तोफांच्या साथीने ‘१८१२’ ही रचना. ती रशियन चायकोव्हस्कीची, नेपोलियनला रशियाने परतवल्याच्या स्मरणार्थ लिहिलेली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याशी तिचा काडीचा संबंध नाही. तोफा आहेत म्हणून चालून जाते. २०१६ मध्ये ढगांमुळे आतषबाजी नीट दिसेना, तेव्हा आयोजकांनी मागच्या वर्षांची दृश्यं गुपचूप मिसळली. प्रेक्षकांनी ते ओळखलं, आणि माफी मागावी लागली.

आता इतिहासाकडे येऊ, कारण पीबीएसने सगळ्यात मोठी छाप तिथे पाडली आहे.

सप्टेंबर १९९० मध्ये माहितीपटकार केन बर्न्स यांची ‘द सिव्हिल वॉर’ ही नऊ भागांची मालिका पाच रात्री ओळीने लागली आणि सुमारे चार कोटी लोकांनी तिचा काही ना काही भाग पाहिला. युद्ध चार वर्षं चाललं. मालिकेला त्याहून जास्त वेळ लागला. अडचण उघड होती: १८६१ ते १८६५ या काळातली हलती चित्रं नाहीत. आहेत ती छायाचित्रं, पत्रं, डायऱ्या, वर्तमानपत्रं. बर्न्स यांनी छायाचित्रावर कॅमेरा हळूहळू सरकवला, गर्दीतल्या एका सैनिकाच्या चेहऱ्यापाशी नेऊन थांबवला, त्यावर नामांकित नटांच्या आवाजात सैनिकांची पत्रं वाचून घेतली. युक्ती त्यांनी शोधलेली नाही, पण तिला नाव त्यांचं मिळालं. पुढे ॲपलच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘केन बर्न्स इफेक्ट’ असं बटणच आलं. लग्नाच्या चित्रफितीत फोटो हळूच मोठे होताना आपण सगळ्यांनी ते पाहिलं आहे.

मालिकेतली बहुतेक गाणी त्या काळातली. ज्या एका सुरावटीने लोकांना रडवलं, ती मात्र १९८२ मधली. न्यूयॉर्क राज्यातल्या अशोकन या ठिकाणी फिडल आणि नृत्याचं शिबिर भरवणाऱ्या जे अंगर यांनी शिबिर संपल्याच्या हुरहुरीत ती रचली होती. तेव्हापासून ती यादवी युद्धातलीच धून आहे असं मानणारे कितीतरी अमेरिकी आहेत. खोटं असं इथे कुणी बोललं नाही, तरी एक आठवण नव्याने तयार झाली. इतिहासाच्या कार्यक्रमांत संगीत काय करू शकतं, हे मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

अशा मालिकेला पैसा कोण देणार? व्यावसायिक वाहिनीला अकरा तास शांतपणे चालणारी गोष्ट नको. ‘द सिव्हिल वॉर’साठी मानव्यविद्यांच्या राष्ट्रीय निधी या सरकारी संस्थेकडून, सीपीबीकडून आणि जनरल मोटर्सकडून पैसे आले. सरकारी संस्थेचा शिक्का आधी पडला की फाउंडेशनं आणि कंपन्या हात मोकळा करतात, असा या क्षेत्रातला क्रम. सरकारी पैसा रकमेने लहान असला तरी पहिला असतो.

आणि प्रत्येक पैसा देणाऱ्याला पटेल अशी गोष्ट सांगायची म्हटलं की तिला एक विशिष्ट वळण लागतं. बर्न्स यांच्यावर इतिहासकारांचा मुख्य आक्षेप हाच होता. मालिकेत कादंबरीकार शेल्बी फूट हे मिसिसिपीचे गोडबोले गृहस्थ इतका वेळ बोलतात की गुलामगिरीबद्दल रोखठोक बोलणाऱ्या इतिहासकार बार्बरा फील्ड्स यांना त्या मानाने थोडीच जागा उरते. युद्ध जणू भावाभावांचा दुःखद गैरसमज होता, असा सूर लागतो, आणि नंतर कृष्णवर्णीयांचे मिळालेले हक्क कसे हिरावले गेले ते घाईत उरकलं जातं. २००१ च्या ‘जॅझ’मध्ये १९६१ नंतरचं सगळं जॅझ दहाव्या, म्हणजे शेवटच्या भागात कोंबलं, त्यावरूनही रसिक भडकले. २०१९ च्या ‘कंट्री म्युझिक’मध्ये मात्र बँजो आफ्रिकेतून आलेल्या माणसांबरोबर आला, हे ठळकपणे सांगितलं आहे. टीका ऐकली गेली असावी.

बर्न्स यांच्या कामाने भारून गेलेल्यांनी हेन्री हॅम्प्टन यांची ‘आइज ऑन द प्राइझ’ जरूर पाहावी. काळ्या नागरिकांच्या मतदानहक्कासाठी १९६५ मध्ये निघालेल्या सेल्मा मोर्चात हॅम्प्टन स्वतः चालले होते. बोस्टनमधल्या त्यांच्या ब्लॅकसाइड या छोट्या कंपनीने नागरी हक्क चळवळीचा इतिहास चौदा भागांत सांगितला. पहिले सहा १९८७ मध्ये, उरलेले आठ १९९० मध्ये. जाणकार तज्ज्ञ दूर ठेवून त्यांनी मोर्च्यातल्या माणसांना बोलतं केलं, समोरच्या बाजूच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनाही. इथे हुरहूर लावणारी धून नाही. चळवळीची गाणी आहेत, पोलिसांच्या काठ्यांसमोर म्हटलेली.

आणि ही मालिका नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून दहाएक वर्षं दाखवताच येत नव्हती! कारण निव्वळ हिशेबाचं. बातम्यांची जुनी दृश्यं, छायाचित्रं, गाणी यांचे हक्क घेताना पैशाअभावी ते ठरावीक वर्षांपुरतेच घेतले होते. मुदत संपली, नवे दर परवडेनात. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासाठी सहकारी वाढदिवसाचं गाणं म्हणतात, असा एक प्रसंग मालिकेत आहे. त्या ‘हॅपी बर्थडे’वरही तेव्हा एक कंपनी मालकी सांगत होती. (२०१५ मध्ये न्यायालयाने तो दावा फेटाळला.) हॅम्प्टन १९९८ मध्ये वारले. फोर्ड फाउंडेशनसारख्या देणगीदारांनी हक्कांचे पैसे भरले तेव्हा २००६ मध्ये मालिका पुन्हा पडद्यावर आली. देशाचा इतिहास देशाच्या सार्वजनिक वाहिनीवर दाखवायला परवाना संपला म्हणून बंदी, यापरता विचित्र प्रकार नाही.

राजकारण्यांशी झटापट तर पहिल्यापासून चालू आहे. १९६९ मध्ये निक्सन यांच्या काळात दोन कोटी डॉलरना कात्री लागायची वेळ आली, तेव्हा मुलांच्या कार्यक्रमाचे फ्रेड रॉजर्स यांनी सिनेटच्या समितीपुढे काही मिनिटं शांतपणे बोलून ते वाचवले. १९७२ मध्ये निक्सन यांनी सीपीबीचं विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवलं. त्यानंतर एक शहाणपणाची सोय झाली: पैसा दोन वर्षं आधी मंजूर करायचा, म्हणजे एखादा कार्यक्रम टोचला म्हणून लगेच सूड घेता येऊ नये.

२०२५ मध्ये नेमकी हीच सोय मोडली. पुढच्या दोन वर्षांसाठी आधीच मंजूर झालेले १.१ अब्ज डॉलर काँग्रेसने परत घेतले. जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केली. पक्षपाती वाहिन्यांना करदात्याने का पोसावं आणि आज शेकडो वाहिन्या असताना ही कशाला हवी, असा समर्थकांचा सवाल होता. दुसरा भाग विचार करण्यासारखा आहे. पण त्या शेकडो वाहिन्यांपैकी टेनेसीतल्या त्या गुहेत कोण उतरलं, हेही विचारायला हवं. १ ऑगस्टला सीपीबीने काम गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. पीबीएसने आपला खर्च पाचव्या हिश्शाहून जास्त कापला.

नोव्हेंबरमध्ये बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांची अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धावरची सहा भागांची, बारा तासांची मालिका लागली. अठराव्या शतकात छायाचित्रंही नव्हती, म्हणून चित्रं, नकाशे आणि त्या काळच्या वेशातली माणसं वापरावी लागली. काम जवळपास दहा वर्षं चाललं. देणगीदारांच्या यादीत सीपीबीचं नाव होतं. जानेवारी २०२६ मध्ये, देशाच्या अडीचशेव्या वर्षाच्या सुरुवातीलाच, सीपीबीच्या संचालकांनी संस्था विसर्जित करण्याचा ठराव केला. त्याच्या महिनाभर आधी आर्कान्सा राज्याच्या सार्वजनिक वाहिनीने पीबीएसची वर्गणी परवडत नाही म्हणून सदस्यत्व सोडायचं आणि आपल्या राज्यातले कार्यक्रम जास्त करायचे, असं ठरवलं होतं.